पेट्रोल आहे, पण पोचत नाही : लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचं दुखणं कसं शोधायचं

इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उतरताना गाडीने चकार शब्द काढला नव्हता. ओंकारेश्वर झालं, परतताना बडवाहला टाकी गळ्यापर्यंत भरली आणि घाट चढायला लागलो. चार-पाच वळणं झाली असतील, गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मग रेस कितीही पिळा, आवाज विरत विरत गेला आणि बंद. मागे बसलेली बायको म्हणाली, "आत्ताच तर फुल केलीत ना?" दहा मिनिटं कठड्याशी उभे राहिलो. किक मारली तर पहिल्या किकला सुरू. दोन-अडीच किलोमीटर गेली आणि परत तेच. सिमरोल येईपर्यंत हा खेळ चार वेळा झाला.

मोटरसायकल 2008 ची, शंभर सीसी, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). मीटरवर 1 लाख 18 हजार किलोमीटर. सिमरोलच्या मिस्त्रीने ऐकलं, मान हलवली आणि निदान केलं, "भिया, कार्बोरेटर में कचरा है." खोलला, फुंकला, लावला. इंदुरात आल्यावर दुसऱ्याने खोलला. त्याने प्लगही नवा घातला. आठवड्याभराने तिसऱ्याने खोलला. गल्लीत फेरी मारली की गाडी झकास, बायपासला लागली की दहाव्या मिनिटाला रडायला सुरुवात.

शेवटी रामबागेतल्या आमच्या नानांना दाखवली. नाना म्हणजे शेजारचे आजोबा, एका कापड गिरणीत फिटर होते, आता वयाची ऐंशी पार. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही, आधी मला विचारलं, "झटकन मरते की रडत रडत?"

"रडत रडत."

"मग करंट नाही, पेट्रोल. जा, मरेपर्यंत फिरव आणि ढकलत माझ्याकडे आण."

आणली. नानांनी टाकीच्या झाकणाला चावी लावली, फिरवली, आणि 'फुस्स' असा आवाज आला. पंक्चर काढताना येतो तसा, फक्त उलटा. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. "आता मार किक," ते म्हणाले. गाडी सुरू झाली. तीन मिस्त्र्यांनी तीनदा उघडलेल्या कार्ब्युरेटरचा यात काडीचाही दोष नव्हता.

झालं होतं असं की रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, मी गाडी राजवाड्याजवळच्या एका बोळात लावली होती. परत आलो तर गाडीचा रंग ओळखू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रेशरच्या पाण्याने धुतली. ओला गुलाल झाकणातल्या हवेच्या छिद्रात जाऊन बसला आणि तिथे वाळून त्याचा पुट्टी भरल्यासारखा गट्टा झाला. टूथब्रश, थोडं रॉकेल आणि पाच मिनिटं, एवढाच इलाज.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. जे समजलं ते इथे मांडतो, कारण आपल्याकडे गाडी आचके द्यायला लागली की पहिला हात कार्ब्युरेटरलाच जातो. तो तर रस्त्यातला शेवटचा थांबा आहे. चौकशी टाकीच्या झाकणापासून सुरू करून पेट्रोलबरोबर खाली उतरत जायला हवं.

जलूदचं पाणी आणि गच्चीवरची टाकी

इंदूरकरांना नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर वर चढवून मिळतं. पण ते एकदा गच्चीवरच्या टाकीत पडलं की पुढे पंप नाही. टाकीतून नळाला येतं ते आपल्या वजनाने. कार्ब्युरेटरच्या गाडीत असाच फक्त उतार आहे. वर टाकी, टाकीच्या तळाशी कॉक (पेट्रोल सुरू-बंद करायची तोटी), कॉकच्या आत जाळी, तिथून वीतभर रबरी पाइप आणि खाली कार्ब्युरेटरची वाटी.

ही वाटी म्हणजे हुबेहूब संडासातली फ्लशची टाकी. आत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी वर आली की तो एका निडलला वर ढकलतो, निडल भोक बंद करते आणि पेट्रोल थांबतं. इंजिनाने थोडं प्यायलं की फ्लोट खाली येतो, भोक उघडतं. वाटीतून पेट्रोल वर ओढून घेतात ते जेट, म्हणजे पितळेचे बारीक भोकांचे स्क्रू. इंजिन हवा खेचतं, ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून तुषारासारखं हवेत मिसळतं.

आता एक हिशेब करून बघू, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तुमची गाडी 60 च्या वेगाने जाते आणि लिटरला 50 देते असं धरा. (आम्ही याला 'एव्हरेज' म्हणतो.) तर तासाला 1.2 लिटर, म्हणजे मिनिटाला 20 मिलिलिटर. औषधाचे चार छोटे चमचे. पूर्ण वेगात धावणाऱ्या इंजिनाची तहान एवढीशीच. वाटीत मावतंही साधारण तेवढंच, वीस-तीस मिलिलिटर. म्हणून कॉक उघडायला विसरून निघालो तर गाडी गल्ली पार करते, चौक पार करते आणि बरोबर सिग्नलला, सगळ्यांच्या समोर, बंद पडते.

म्हणजे वाटी एका किलोमीटरची शिदोरी आहे. वरून येणारी धार तहानेपेक्षा बारीक झाली की ही शिदोरी संपेपर्यंत गाडी छान चालते, मग मरते. तुम्ही उभे राहता, दहा मिनिटांत वाटी थेंबाथेंबाने परत भरते आणि गाडी पहिल्या किकला सुरू होते. भेरूघाटात माझ्याबरोबर झालं ते हेच.

झाकणाचं छिद्र एवढं भारी का पडतं

टाकीतून पेट्रोल खाली गेलं की तेवढी जागा हवेने भरायला हवी. ती हवा येते झाकणातल्या छिद्रातून. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल जागच्या जागी लटकतं. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळते, म्हणून आई समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायची. तेच शास्त्र.

आश्चर्य म्हणजे फार थोडी ओढ पुरते. टाकीतल्या पातळीपासून वाटीपर्यंतची उंची धरा 25 सेंटिमीटर. एवढ्या पेट्रोलच्या स्तंभाचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांच्याही आत. टाकीतला दाब तेवढ्याने उतरला की पेट्रोलचं घोडं अडलं. आणि टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर वर हवेची जागा कमी, म्हणून थोडंसं पेट्रोल गेलं तरी दाब लवकर उतरतो. टाकी निम्मी रिकामी असताना हाच दोष बराच वेळ लपून राहतो. बडवाहला फुल केली आणि घाटात मेली यात नर्मदामाईचा कोप वगैरे काही नव्हता. जाताना टाकी अर्धी होती, एवढंच.

तपासणी नानांनी केली तीच. गाडी मरायला लागली की बाजूला घ्या, झाकण उघडा, कान द्या. फुस्स झालं आणि गाडी लगेच सुधारली तर चोर सापडला. झाकण उघडं ठेवून गाडी मात्र चालवू नका, खाली तापलेलं इंजिन असतं. आणखी एक: टाकीवर रेक्झिनचं कव्हर घालायची आपली हौस. त्याचा फ्लॅप झाकणावर घट्ट बसत असेल आणि आत धूळ-पाण्याचा चिखल साठत असेल तर तो तिथूनच छिद्रात शिरतो. माझं कव्हर मी काढून टाकलं. टाकीवर ओरखडे पडले, पडोत.

चोकचा प्रश्न आणि वाटीचा स्क्रू

झाकण निर्दोष निघालं तर पुढे दोन छोट्या तपासण्या आहेत. कार्ब्युरेटर न खोलता त्या निम्मं उत्तर देतात.

पहिली चोकची. चोक ओढला की हवा कमी होते आणि त्या मानाने पेट्रोल जास्त जातं. गाडी आचके देत असताना चालत्या गाडीवर चोक अर्धा ओढून बघा. सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होतंय. काहीच फरक पडला नाही, किंवा गाडी दिवा मालवल्यासारखी झटकन बंद होत होती, तर पेट्रोलचा नाद सोडा. प्लग, प्लगकॅप, कॉइल बघा. जुन्या कॉइलला एक वाईट खोड असते, तापली की मरते, गार झाली की जिवंत होते. म्हणून "थोडा वेळ थांबलो की सुरू होते" एवढ्यावरून निदान करू नये. मरताना रडते की नाही, ते विचारावं.

प्लगही काढून बघा. पांढुरका, कोरडा, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी. काळा आणि ओला असेल, वास येत असेल, तर जास्त. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक.

दुसरी तपासणी वाटीच्या तळाच्या स्क्रूची. जवळजवळ प्रत्येक कार्ब्युरेटरच्या वाटीला खाली निचऱ्याचा एक स्क्रू असतो. मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना, त्याखाली पारदर्शक बाटली धरा, कॉक उघडा ठेवा आणि स्क्रू सैल करा. आधी वाटीतलं पेट्रोल जोरात येईल. ते संपल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. सारखी धार चालू राहिली तर टाकी, कॉक, पाइप आणि निडलचं भोक सगळं ठीक, दोष असलाच तर जेटांत. धार बारीक होऊन थेंबांवर आली तर कार्ब्युरेटरचे जेट काढायची गरजच नाही, अडथळा वर आहे. एक मिनिट घड्याळ लावून बाटलीत किती आलं ते मोजा. इंजिनाची तहान 20 मिलिलिटरची, पण चांगल्या गाडीत त्याच्या कितीतरी पट, 100 च्या बरंच वर यायला हवं. तीस-चाळीसच येत असेल तर आज चालेल, घाटात रडेल.

हे काम करताना ओट्यावर उदबत्ती नको, जवळ बिडी ओढणारे काका नकोत, आणि तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढणं तर अजिबात नको. घोटभर जरी फुफ्फुसात गेलं तरी थेट दवाखाना.

बाटलीतलं पेट्रोल लगेच परत ओतू नका. उन्हात धरून बघा. तळाशी वेगळा थर किंवा गोलगोल बुडबुड्यांसारखे थेंब दिसले तर पाणी आहे. तांबूस चूर दिसला तर टाकी आतून गंजते आहे. हे दोन्ही जुन्या गाडीत हमखास. आमचं शहर स्वच्छतेत 2017 पासून वर्षानुवर्षं पहिलं येत गेलं, पण टाकीच्या तळचा गाळ महापालिकेची पिवळी गाडी नेत नाही, तो आपणच काढायचा.

जाळी, पाइप आणि रिझर्व्हचं कोडं

कॉकच्या आत टाकीत दोन तोंडं असतात. एक उंच नळी, ती 'ऑन'ची. दुसरं तळाशी, ते 'रिझर्व्ह'चं. टाकी अर्धी भरलेली असताना गाडी ऑनवर रडते आणि रिझर्व्हवर मजेत चालते, तर उंच नळीची जाळी तुंबली आहे. उलट ऑनवर चांगली चालते आणि रिझर्व्हवर घेतल्याबरोबर बिघडते, तर तळाला पाणी किंवा गाळ आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं आणि रिझर्व्हच्या तोंडाशी वाट बघत राहतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांना (आमच्या घरात असा एक पुतण्या आहे) हे भोग रोजचे.

गंजाचा चूर येत असेल तर टाकी उतरवून धुवा आणि पाइपमध्ये एक छोटा फिल्टर टाका. पण दुकानात मोटरसायकलचाच मागा. पेट्रोल ढकलायला आत पंप असलेल्या गाडीचा अतिबारीक फिल्टर इथे बसवला तर तोच नवा अडथळा होतो, कारण मागून ढकलायला फक्त वीतभर उंची आहे. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे हवा.

पाइपचीही एक खोड सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी लोक बसवतात, कारण पेट्रोल दिसतं. सहा महिन्यांत ती पिवळी, वर्षात कडक, आणि मग वळणावर चिमटते किंवा टोकाला फाटून ठिबकते. पेट्रोलसाठी बनवलेलाच रबरी पाइप घ्या, लागेल तेवढाच कापा. जास्त लांब ठेवला तर तो मध्येच वर उचलला जातो आणि त्या कमानीत हवा अडकते.

मग कार्ब्युरेटर, आणि लाख किलोमीटरची झीज

वरचं सगळं ठीक निघालं की आता मिस्त्र्याचं बरोबर. पण खोलण्याआधी कोणत्या जेटचा दोष ते रेसच्या मुठीवरून ओळखता येतं. मुठीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि समोर स्विचच्या डबीवर एक खूण करा, म्हणजे मूठ किती फिरली ते दिसेल. मूठ बंद किंवा जेमतेम उघडी असताना पेट्रोल देतो तो पायलट जेट, त्यालाच स्लो जेट म्हणतात. पाव ते पाऊण मूठ असताना राज्य असतं लांब निडलचं, जी स्लाइडबरोबर (मूठ फिरवली की वर उचलल्या जाणाऱ्या झडपेबरोबर) वरखाली होते. पाऊणच्या पुढे मेन जेट. सकाळी चोकवर सुरू होते पण चोक काढला की मरते, सिग्नलला बंद पडते, पण जोरात पळवली की छान, तर पायलट जेट तुंबला. सिग्नलला शांत उभी राहते पण पूर्ण मुठीवर धापा टाकते, तर मेन जेट किंवा वाटीतली पातळी.

पायलट जेट सगळ्यात आधी तुंबतो, कारण त्याचं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. गाडी दोन महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे गुळासारखा चिकट राप उरतो, तो इथे बसतो. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. मिस्त्री क्लच केबलची तार सोलून एक केस काढतो आणि भोकात घालून फिरवतो. पितळ मऊ असतं. समजा 0.35 मिलिमीटरचं भोक 0.40 झालं. फरक डोळ्याला दिसणारही नाही, पण क्षेत्रफळ 30 टक्क्यांनी वाढलं आणि त्या प्रमाणात पेट्रोल जास्त जायला लागलं. मग गिऱ्हाईक म्हणतं, साफ केल्यापासून एव्हरेज गेलं. जेट क्लीनरमध्ये भिजवावा, पंक्चरवाल्याच्या हवेने फुंकावा, फारच हट्टी असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस चालतो. एवढ्याने नाही निघाला तर नवा घ्यावा. डोळ्यासमोर आभाळाकडे धरून बघा, भोक वाटोळं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे.

कचऱ्यापेक्षा वेगळी गोष्ट झिजेची. कचरा साफ होतो, झीज होत नाही. जास्त पळालेल्या गाडीत लांब निडल आणि ती ज्या पितळी नळीत वरखाली होते ती नळी, दोघं हजारो तास एकमेकांना घासत असतात. निडल एका बाजूने चमकदार आणि चपटी होते, नळीचं भोक लंबवर्तुळ होतं. परिणाम मधल्या मुठीवर दिसतो, म्हणजे शहरात आपण जिथे सगळा वेळ असतो तिथेच. एव्हरेज हळूहळू उतरतं, प्लग काळा होतो, आणि साफ करून काही उपयोग होत नाही. निडल काढून काचेवर लोळवा, डगमगली तर संपली. ही जोडी एकत्रच बदलायची, एकटी निडल नाही.

दुसरी झीज फ्लोटच्या निडलची. तिच्या टोकावर नख फिरवा. कड लागली, अंगठीसारखी खाच लागली, तर ती भोक पूर्ण बंद करत नाही. पातळी वाढते, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात, सकाळी गाडीखाली डाग आणि पार्किंगमध्ये वास. ओव्हरफ्लोची नळी मातीने बुजलेली असेल तर जास्तीचं पेट्रोल इंजिनात उतरू शकतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी तशी चालवू नका, आधी दोष काढा आणि ऑइल बदला. नवी निडल येईपर्यंत रात्री कॉक बंद ठेवायचा. खरं तर तशीही ती चांगलीच सवय.

कधी कधी निडलमध्ये नुसता कण अडकलेला असतो. वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन टिचके मारले की सुटतो. रस्त्यावर एवढं पुरतं. फ्लोट हलवून कानाशी धरावा. आत खळखळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय आणि तो तरंगणार नाही.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोडही बघून घ्यायचा. पंधरा वर्षं उष्णता खाऊन त्याला चिरा पडतात, तिथून चोरून हवा शिरते आणि पेट्रोल पुरेसं असूनही कमी पडल्यासारखी लक्षणं दिसतात. रेस सोडली तरी आवाज लवकर खाली येत नाही, ही त्याची खूण. गाडी चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर चीर आहे. आणि एअर फिल्टर? तो तुंबला तर उलटं होतं, हवा कमी, धूर काळा. खंडवा रोडच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावरच बदलावा, असं माझं मत.

इथेनॉलचं काय?

हा प्रश्न हल्ली पंपावर रोज ऐकू येतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. घाबरवण्याचा हेतू नाही, पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला तीन गोष्टी लागू पडतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, म्हणून मिश्रणात ती शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी भरते आणि एव्हरेज थोडं उतरणारच. त्याला जळायला हवा कमी लागते, पण जेटची भोकं जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेली, म्हणून मिश्रण थोडं कोरडं पडतं (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि आधीच काठावर असलेली गाडी सकाळी कुरकुरते. तिसरी गोष्ट म्हणजे इथेनॉल पाणी शोषतं. प्रमाणाबाहेर शोषलं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत जे पाणी सापडतं त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. जुनी रबरं, म्हणजे पाइप, वाटीचं पॅकिंग, कॉकचं वायसर, यात फुगतात किंवा कडक होतात. ती एकदा बदलून घ्यावीत. गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाड्यांपैकी बहुतेकांत कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे पेट्रोल उताराने येत नाही. टाकीतला पंप ते दाबाने ढकलतो, म्हणून पाइप तसाच ओढून काढायचा नाही, फवारा थेट तोंडावर येतो. चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज येतो का, एवढं कान लावून ऐका. नाही आला तर आधी फ्यूज, मग पंप. तो पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, तेव्हा कायम रिझर्व्हवर चालवण्याची हौस इथे महागात पडते. पुतण्याने नवी गाडी घेतली आहे, त्याला हे दोनदा सांगून झालं.

माझ्या गाडीचं पुढे असं झालं की झाकण साफ केल्यावर मी हावरटपणाने मिनिटाची धारही मोजली. 60 मिलिलिटर. नाना म्हणाले, "चालेल, पण मला आवडलं नाही." कॉक काढला तर जाळीवर गंजाचा थर आणि त्यात एक मेलेली मुंगी. जाळी धुतली, 170 वर आलं. मागच्या महिन्यात परत ओंकारेश्वरला गेलो, परतताना बडवाहला परत टाकी फुल केली. भेरूघाटात त्या वळणावर बायकोने मागून खांद्यावर थाप मारली, "थांबा जरा."

"का? काय झालं?"

"काही नाही. मागच्या वेळी इथे सीताफळं विकायला बसली होती ती बाई. तेव्हा तुम्ही घेऊ दिली नाहीत."